लडलोत दोन रात्री : इंग्लंडमधल्या बाजाराच्या गावी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडला पहिल्यांदा आलेल्या मराठी कुटुंबाची सहल बहुधा ठरलेली असते. लंडन, मग बसने बाथ, स्टोनहेंज, स्ट्रॅटफर्ड. सकाळी एक गाव, दुपारी दुसरं, प्रत्येक ठिकाणी पाऊण तास आणि त्यातला निम्मा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत. मी बर्मिंगहॅमला राहते. भारतातून पाहुणे यायचे ठरले की काय काय दाखवशील, अशी विचारणा होतेच. माझं उत्तर आता पक्कं झालं आहे : यादीतली तीन गावं कापा आणि एका लहान, जुन्या, बाजाराच्या गावी सलग दोन रात्री राहा. इंग्रज माणूस स्वतःच्या देशात सुट्टीला कुठे जातो आणि तिथे काय करतो, हे त्याशिवाय कळत नाही.

मी सुचवते ते गाव म्हणजे लडलो. श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या सीमेजवळ, टीम नदीच्या काठच्या टेकडीवर वसलेलं. वस्ती दहा हजारांच्या आसपास.

आधी ‘मार्केट टाउन’ म्हणजे काय ते सांगते, कारण ‘मार्केट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मॉल येतो. मध्ययुगात इंग्लंडमध्ये मनाला आलं म्हणून कुणालाही बाजार भरवता येत नसे, त्यासाठी राजाची सनद लागे. सनद मिळाली की ठरलेल्या वारी बाजार भरे, आजूबाजूची खेडी माल घेऊन येत आणि त्या बाजाराभोवती गाव वाढे. आपल्याकडे ‘कसबा’ हा शब्द नेमका अशाच गावासाठी होता. दोन बाजारांत अंतर किती असावं याचाही हिशेब होता आणि तो तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावाने सांगितला जातो. माणसाची दिवसाची चाल वीस मैल. तिचे तीन भाग करा. एका भागात बाजाराला पोहोचायचं, एका भागाइतका वेळ खरेदी-विक्री, उरलेल्या भागात उजेड असताना घरी परत. म्हणून दोन बाजारांत साधारण पावणेसात मैल अंतर हवं. आपल्या आठवडी बाजाराला डोक्यावर पाटी घेऊन चालत जाणाऱ्या बायकांना हा हिशेब कुणी शिकवावा लागला नसता.

दिवस कोणते निवडायचे

बाजाराचा वार चुकला तर निम्मं गाव चुकलं. लडलोचा उघड्यावरचा बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. म्हणून माझा सल्ला असा की गुरुवारी दुपारनंतर पोहोचा आणि शनिवारी दुपारनंतर निघा. यात बाजाराचे दोन वार मिळतात, शनिवारच्या रात्रीचं महाग भाडं टळतं आणि रविवारचा प्रवासही टळतो. इथे रेल्वेमार्गाच्या दुरुस्त्या बहुतेक रविवारी काढतात, मग गाडीऐवजी बसमध्ये बसावं लागतं. लहान गावांतल्या बस रविवारी फार कमी असतात, काही मार्गांवर तर नसतातच. सोमवार-मंगळवारी चांगली उपाहारगृहं बंद असण्याची शक्यता मोठी, तेव्हा ते दोन वारही टाळलेले बरे.

महिने म्हणाल तर मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे जेवण करूनही नदीवर जाता येतं. डिसेंबरात चार वाजताच अंधार. सप्टेंबरात किल्ल्याच्या आवारात मोठा खाद्यमहोत्सव भरतो. तो १९९५ पासून चालू आहे आणि त्या दिवसांत खोली मिळवायची तर काही महिने आधी हालचाल करावी लागते. पहिल्याच भेटीत मी तो टाळेन. गर्दीत गावाचा नेहमीचा चेहरा दिसत नाही.

तिकीट आणि सामान

लडलोला रेल्वे स्थानक आहे, हे या गावाचं मोठं भाग्य. इतकी सुंदर लहान गावं इंग्लंडमध्ये बरीच आहेत, पण त्यांतल्या अनेकांना गाडीच नाही. मँचेस्टर-कार्डिफ मार्गावरच्या ट्रान्सपोर्ट फॉर वेल्सच्या गाड्या इथे थांबतात. उत्तरेला श्रूजबरी आणि दक्षिणेला हेरफर्ड, दोन्हीकडून अर्ध्या तासाचा प्रवास. बर्मिंगहॅमहून येणाऱ्यांनी श्रूजबरीला गाडी बदलायची. लंडनहून यायचं तर युस्टनहून क्रू मार्गे किंवा पॅडिंग्टनहून न्यूपोर्ट मार्गे, साधारण साडेतीन तास धरून चाला.

तिकीट आयत्या वेळी काढू नका. काही आठवडे आधी काढलेलं ‘ॲडव्हान्स’ तिकीट बरंच स्वस्त पडतं, पण ते त्याच गाडीपुरतं असतं. ती चुकली की गेलं. चौघांचं कुटुंब असेल तर ‘फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड’ घ्या. मोठ्यांना एक तृतीयांश आणि ५ ते १५ वर्षांच्या मुलांना ६० टक्के सूट मिळते, आणि लांबच्या एका-दोन प्रवासांत कार्डाची किंमत वसूल होते. आई-वडील साठीच्या पुढचे असतील तर त्यांच्यासाठी ज्येष्ठांचं वेगळं कार्ड आहे.

भारतातून येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो. दुसरी गोष्ट बॅगेतली. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, तूप यांतलं काही नाही. बऱ्याच ताज्या फळांना आणि भाज्यांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. माझ्या मावशीने हौसेने आणलेला कंदी पेढ्यांचा डबा विमानतळावर काढून ठेवावा लागला, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चिवडा, शंकरपाळी, तेलातले लाडू, मेतकूट, चटणी आणा. लडलोच्या खोलीत पावसाळी संध्याकाळी त्यांची फार मदत होते.

पायांत पकड असलेले बूट आणि अंगावर टोपीचा रेनकोट असू द्या. छत्री टेकडीवरच्या वाऱ्यात टिकत नाही.

खोली

तीन पर्याय असतात. एक, बी अँड बी : कुणाच्या तरी घरातली खोली आणि सकाळचा भरपेट नाश्ता. दुसरा, पबच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या. तिसरा, स्वयंपाकघरासह आख्खं छोटं घर, ज्याला इथे ‘सेल्फ-केटरिंग कॉटेज’ म्हणतात. लहान मुलं किंवा वरण-भाताशिवाय न झोपणारे वडीलधारे सोबत असतील तर कॉटेजच घ्या. दोघंच असाल तर बी अँड बी, कारण घरमालकाशी नाश्त्याच्या टेबलावर होणाऱ्या गप्पांतून जे समजतं ते कुठल्याही पुस्तिकेत छापलेलं नसतं.

खोली ठरवतानाच चार गोष्टी लिहून विचारा. शाकाहारी नाश्ता मिळेल का (अंडं चालतं की नाही हेही स्पष्ट लिहा, इथे ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे अंडं चालतं असंच धरतात). खोली कितव्या मजल्यावर आहे, कारण जुन्या घरांत लिफ्ट नसते आणि जिने अरुंद, उभे असतात. किती वाजल्यापासून आत येता येईल, बहुधा दुपारी तीन-चारनंतर. आणि गाडीने येणार असाल तर ती कुठे लावायची. गावाच्या पोटात रस्ते अरुंद आहेत आणि रहिवाशांची जागा राखीव असते.

शक्यतो जुन्या तटबंदीच्या आत खोली मिळवा. म्हणजे सकाळी सात वाजता, दुकानं उघडण्याआधी, रिकाम्या ब्रॉड स्ट्रीटवरून चालता येईल.

पहिली संध्याकाळ : नुसतं फिरा

स्थानकावरून गावाकडे पाच-दहा मिनिटांचा चढ आहे. वाटेतच कॉर्व्ह स्ट्रीट आणि बुलरिंगच्या बाजूला फेदर्स हॉटेलची इमारत लागते. तिचा दर्शनी भाग १६१९ चा. काळ्या लाकडी पट्ट्या, मधे पांढऱ्या भिंती, रस्त्यावर पुढे झुकलेले मजले. थांबा आणि नीट बघा. हे लाकूड नुसती सजावट नाही, ओकच्या त्या सांगाड्यावर सगळं घर उभं आहे. पट्ट्यांच्या मधल्या जागेत अशा घरांमध्ये काटक्यांचं विणकाम करून त्यावर माती, शेण आणि गवताचा गिलावा देत. म्हणजे आपल्या कोकणातली कुडाची भिंत! पुस्तकात वाचलेलं ‘ट्यूडर शैली’ वगैरे मला कधी आपलंसं वाटलं नव्हतं. हा कूड आहे हे कळलं त्या दिवसापासून ही घरं मला परकी वाटेनाशी झाली.

तिथून ब्रॉड स्ट्रीट उतरा. रुंद, सरळ, उताराचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना अठराव्या शतकातली विटांची शांत घरं. त्यांतल्या कित्येकांच्या दर्शनी विटांमागे जुना लाकडी सांगाडा अजून तसाच आहे. फॅशन बदलली तेव्हा लोकांनी घर पाडलं नाही, पुढे नवी भिंत चढवली. रस्त्याच्या तळाशी ब्रॉड गेट लागतं. गावाला तटाचे सात दरवाजे होते, त्यांतला अंगाखांद्याने उभा असलेला हा एकच, आणि त्याच्यावर आता घर आहे. त्या कमानीखालून गाड्या अजून जा-ये करतात.

आणखी खाली लडफर्ड पूल. १२ ऑक्टोबर १४५९ च्या रात्री इथे राजाविरुद्ध उठलेल्या यॉर्क घराण्याच्या सरदारांनी समोरचं राजाचं सैन्य पाहून आपलीच फौज सोडून पळ काढला आणि दुसऱ्या दिवशी विजयी सैन्याने गाव लुटलं. आज पुलाखाली बदकं असतात.

पूल ओलांडला की लडफर्ड कॉर्नरला रस्त्याकडेच्या खडकाकडे वळून बघा. पृथ्वीच्या इतिहासातल्या सिल्युरियन काळाचा एक भाग जगभरचे भूशास्त्रज्ञ या गावाच्या नावाने, ‘लडलो’ म्हणून ओळखतात. एकोणिसाव्या शतकात रॉडरिक मर्चिसन यांनी इथल्या खडकांचा अभ्यास केला. या थरात आदिम माशांच्या हाडांचे आणि खवल्यांचे सूक्ष्म तुकडे दाबले गेले आहेत, वय चाळीस कोटी वर्षांहून जास्त. जागा संरक्षित आहे, खडकाला हातोडी लावायची नाही. आत्ता आपण उभे आहोत तिथे समुद्र होता, हे मुलांना सांगितलं की ती बराच वेळ गप्प होतात.

बाजाराचा दिवस

शुक्रवारी सकाळी नऊ-साडेनऊला कॅसल स्क्वेअरवर या. ब्रेड, चीज, रोपं, भाज्या, जुन्या वस्तू, कपडे यांच्या राहुट्या लागलेल्या असतात. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण खिशात वीस-तीस पौंड सुटे ठेवा.

रीत अशी. आधी ‘मॉर्निंग’ म्हणायचं, मग मागायचं. फळाला हात लावून, दाबून बघायचं नाही, विक्रेता काढून देतो. रांग दिसत नसली तरी ती असते. आपल्या आधी कोण उभं होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आपणही लक्षात ठेवायचं. घासाघीस करत नाहीत. मात्र जुन्या वस्तूंच्या टेबलावर ‘यात काही कमी होईल का’ असं हसून विचारलं तर कुणी रागावत नाही. चीज चाखायला देतात आणि चाखून घेतलं नाही तरी चालतं. श्रॉपशर ब्लू नावाचं केशरी, निळ्या शिरांचं चीज इथे सगळीकडे दिसेल. गंमत अशी की ते पहिल्यांदा झालं स्कॉटलंडमध्ये, इन्व्हर्नेसला, १९७० च्या दशकात. कडक शाकाहारी असाल तर चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध साकळवायचं विरजण) आहे का ते विचारून घ्या.

आता खरेदीची पिशवी खांद्याला लावा आणि चौकाचा नकाशा समजून घ्या, कारण लडलोचा खरा इतिहास जमिनीवर लिहिला आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन लोकांनी हे गाव आखून वसवलं. किल्ल्याच्या दारापासून बुलरिंगपर्यंत एक अतिशय रुंद बाजाररस्ता होता. त्या रस्त्याच्या मधोमध बाजाराच्या दिवशी राहुट्या लागत. पुढे काही राहुट्या बाजार उठल्यावरही उठेनाशा झाल्या. फळ्या आल्या, छप्पर आलं, मजला चढला आणि शेवटी इमारतींच्या ओळीच उभ्या राहिल्या. आज किंग स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट, हार्प लेन, चर्च स्ट्रीट या ज्या चिंचोळ्या गल्ल्या दिसतात, त्या म्हणजे मूळ एका रुंद रस्त्यावरच्या अतिक्रमणातून उरलेल्या वाटा. कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फिश स्ट्रीट, पेपर लेन अशी नावं अजून टिकून आहेत. पुण्यात वारांच्या पेठा, इथे मालाच्या गल्ल्या.

गल्लीच्या टोकाला १७४० च्या दशकातली बटरक्रॉस नावाची दगडी इमारत आहे. खाली खांबांची मोकळी जागा, तिथे लोणी विकलं जाई. पाऊस आला की मी तिथेच उभी राहते.

किल्ला : किमान अडीच तास

बहुतेक लोक तासाभरात उरकतात. तुम्ही तसं करू नका. तिकीट घेऊन आत शिरलात की बाहेरचं मोठं हिरवं पटांगण लागतं. ते पार करून कोरड्या खंदकावरच्या पुलाने आतल्या चौकात जा. बांधकामाची सुरुवात अकराव्या शतकाच्या अखेरीस, द लेसी या नॉर्मन घराण्याने केली. इंग्लंड जिंकून वीस-तीस वर्षंच झाली होती आणि वेल्सकडून हल्ल्याची धास्ती होती. आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांशी तुलना करायचा मोह होईल. करा, पण फरक लक्षात घेऊन. तिकडे डोंगरच अर्धा किल्ला असतो. इथे एका बाजूला नदीवरचा कडा आणि बाकी सगळं माणसाने रचलेलं.

आत गेल्यावर डोळ्यांत भरतं ते गोल देऊळघर, सेंट मेरी मॅग्डलेन चॅपेल. बाराव्या शतकातलं, छत नाही, पण वर्तुळ पूर्ण. जेरुसलेमच्या पवित्र थडग्याच्या चर्चवरून अशी गोल चॅपेलं बांधत आणि ती इंग्लंडमध्ये मोजकीच उरली आहेत. दरवाजाच्या कमानीवरची नागमोडी नक्षी हात लावून बघावीशी वाटते. नुसती बघा.

मग उत्तरेकडच्या दालनांत जा. इथे दोन मुलांच्या गोष्टी आठवायच्या. पहिल्या मुलाचं नाव एडवर्ड, चौथ्या एडवर्ड राजाचा मुलगा. १४७३ पासून तो इथे वाढला. एप्रिल १४८३ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, याच किल्ल्यात त्याला वडील गेल्याची आणि आपण राजा झाल्याची बातमी कळली. लंडनला निघाला तो तिथल्या ‘टॉवर’ या किल्ल्यात जाऊन पडला, पुन्हा कुणाला दिसला नाही. दुसऱ्या मुलाचं नाव आर्थर, सातव्या हेन्री राजाचा थोरला. नोव्हेंबर १५०१ मध्ये स्पेनच्या कॅथरीनशी लग्न झालं, दोघं इथे राहायला आली आणि २ एप्रिल १५०२ ला पंधरा वर्षांचा आर्थर इथेच वारला. कॅथरीनचं पुढे धाकट्या दिराशी, आठव्या हेन्रीशी लग्न झालं. ते मोडण्यासाठी हेन्रीने रोमच्या पोपशी फारकत घेतली. इंग्लंडच्या धर्माची वाट ज्या लग्नामुळे बदलली, त्याची सुरुवात या बिनछताच्या भिंतींत झालेल्या एका मुलाच्या मृत्यूतून होते. मी तिथे गेले की थोडा वेळ बसते. पायऱ्या आहेत, तुम्हीही बसा.

सातव्या हेन्रीच्या ट्यूडर घराण्याच्या काळात वेल्स आणि सीमाभागाचा कारभार पाहणारी परिषद या किल्ल्यातून चाले, म्हणजे वेल्सची राजधानीच म्हणा. १६८९ मध्ये ती परिषद मोडीत निघाली आणि किल्ला ओस पडत गेला.

यापुढचा भाग मराठी माणसाने माहीत करून घ्यायलाच हवा. १८११ मध्ये हा किल्ला पोविसच्या अर्लने (अर्ल म्हणजे वंशपरंपरागत पदवीचा उमराव) विकत घेतला आणि आजही तो त्याच घराण्याकडे आहे. तो अर्ल म्हणजे एडवर्ड क्लाइव्ह, रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा. एडवर्ड १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता, त्याच्याच काळात श्रीरंगपट्टण पडलं. टिपू सुलतानाचा तंबू आज इथून उत्तरेला, वेल्शपूलजवळच्या पोविस किल्ल्यातल्या क्लाइव्ह संग्रहात आहे. बाप रॉबर्ट याच श्रॉपशरचा, मार्केट ड्रेटनजवळ जन्मलेला. प्लासीच्या आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, ॲडमिरल वॉटसनच्या आरमारासोबत विजयदुर्गावर उतरलेल्या फौजेचं नेतृत्व त्याच्याकडे होतं. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. विजयदुर्गाच्या तटावरून वाघोटनची खाडी पाहिलेल्या माणसाला लडलोच्या बुरुजावर उभं राहिल्यावर हे आठवतं आणि ते आठवावं असं मला मनापासून वाटतं. श्रूजबरीला गाडी बदलताना तास-दीड तास मोकळा असेल तर तिथल्या चौकात क्लाइव्हचा १८६० चा पुतळाही दिसेल. तो हटवावा अशी मागणी २०२० मध्ये झाली होती, पण पुतळा तिथेच आहे.

मुख्य मनोऱ्याचा जिना अरुंद आणि गोल आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं.

चर्चमध्ये

किल्ल्यापासून पाच मिनिटांवर सेंट लॉरेन्स चर्च. आत जायला तिकीट नाही, दानपेटी आहे, तिच्यात काहीतरी टाका. इतक्या लहान गावाला एवढं प्रचंड चर्च कसं, याचं उत्तर लोकर. मध्ययुगात या भागातल्या मेंढ्यांच्या लोकरीवर गाव श्रीमंत झालं आणि व्यापाऱ्यांच्या पामर्स गिल्ड या धार्मिक संघाने पैसा ओतला. मनोरा १३५ फूट उंच आहे.

वेळ थोडा असेल तर सरळ पुढच्या भागातल्या लाकडी आसनांकडे जा. ही आसनं उचलून ठेवता येतात आणि उचलल्यावर खालच्या बाजूला छोटी फळी पुढे आलेली दिसते. लांबलचक प्रार्थनेत उभ्या असलेल्या वृद्ध धर्मगुरूंना तिच्यावर टेकता यावं म्हणून ही दयेची सोय, आणि म्हणूनच तिचं नाव ‘मिझरिकॉर्ड’. अशी २८ आहेत आणि प्रत्येकीखाली कोरीव काम. हंसांना प्रवचन देणारा धर्मगुरूच्या वेशातला कोल्हा शोधा. मापात मारणाऱ्या दारूवालीला सैतान नरकात नेतोय ती फळीही शोधा. मुलांना शोधायला सांगितलं की अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

बाहेर उत्तरेच्या भिंतीपाशी कवी ए. ई. हाउसमन यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. श्रॉपशरच्या टेकड्यांना त्यांनी इंग्रजी कवितेत कायमची जागा दिली.

जेवणाच्या वेळा पाळा

नवख्यांची सगळ्यात जास्त फजिती इथे होते. पब दिवसभर उघडा असतो, पण त्याचं स्वयंपाकघर नसतं. दुपारचं जेवण बहुतेक ठिकाणी बारा ते दोन, फार तर अडीच. रात्रीचं सहा ते साडेआठ-नऊ. पहिल्या वेळी आम्ही पावणेतीनला एका पबमध्ये गेलो, सासूबाईंना मधुमेह, आणि मिळाली ती फक्त चिप्सची पाकिटं. तेव्हापासून किल्ल्यात शिरण्याआधीच मी जेवणाची वेळ ठरवते आणि रात्रीचं टेबल सकाळीच फोन करून राखते. शुक्रवार-शनिवारी तर हे हवंच.

पबमध्ये टेबलाचा नंबर लक्षात ठेवून काउंटरवर जायचं, तिथेच ऑर्डर आणि पैसे द्यायचे. वेटरची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. काउंटरवरच्या ऑर्डरला टिप देत नाहीत. टेबलावर वाढणाऱ्या उपाहारगृहात दहा टक्के देतात, बिलात आधीच लावले नसतील तर.

शाकाहारी मंडळींनी मेन्यूत ‘व्ही’ खूण पाहावी, पण तेवढ्यावर थांबू नये. काही पुडिंगांत आणि पेस्ट्रीत जनावराची चरबी असते, जेलीत जिलेटिन असतं आणि चिप्स मासे तळलेल्या तेलातच तळलेले असू शकतात. विचारलं की नीट सांगतात, त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. हमखास मिळणारं आणि पोट भरणारं म्हणजे सालासकट भाजलेला मोठा बटाटा, वर लोणी, चीज आणि बीन्स. सूप आणि ताजा ब्रेडही बहुतेक ठिकाणी असतो. श्रॉपशरचा म्हणून ‘फिजेट पाय’ पुढे येईल, त्यात डुकराचं मांस आणि सफरचंद असतं.

मांसाहारींसाठी लडलो म्हणजे पंढरी. खाटिकांची जुनी दुकानं अजून चालू आहेत आणि २००० च्या आसपास या एवढ्याशा गावातल्या उपाहारगृहांना मिशेलिन या नामांकित खाद्य-मार्गदर्शिकेचे तारे मिळत होते.

दुपारी चारला स्कोन, जॅम, घट्ट साय आणि चहा. चहा कमी दुधाचा असतो. जास्त दूध मागून घ्या.

नदीपलीकडची चाल

शनिवारी सकाळी, पाऊस नसेल तर, ही दीड तासाची फेरी करा. किल्ल्याच्या कडेने डिनहॅमकडे उतरा, पूल ओलांडा आणि लगेच डावीकडे नदीकाठची वाट धरा. हिला ‘ब्रेड वॉक’ म्हणतात. वाट बांधणाऱ्या मजुरांनी पैसे दारूत उडवू नयेत म्हणून त्यांना मजुरी ब्रेडच्या रूपात दिली, असं गावात सांगतात. वाट थेट लडफर्ड पुलाशी निघते. तिच्या वर व्हिटक्लिफ कॉमन ही गावाची सामाईक जमीन, आपल्याकडच्या गायरानासारखी. चढून वर गेलात की समोर सगळं गाव एका नजरेत येतं : डावीकडे किल्ला, मधे छपरं, त्यांच्या वर चर्चचा मनोरा आणि मागे ५३३ मीटर उंचीची टिटरस्टोन क्ली टेकडी. तिथे बाकं आहेत. बाजारातला ब्रेड आणि चीज, सोबत घरची लसणीची चटणी. यापेक्षा चांगलं जेवण मी इंग्लंडमध्ये कुठे केलेलं नाही.

पायवाटांच्या खांबांवर पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा म्हणजे घोडे आणि सायकलींसाठीही. शेतातून जाताना फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं. मेंढ्यांजवळ धावायचं नाही. पावसानंतर वाटा निसरड्या होतात.

आणखी अर्धा दिवस हाताशी असेल तर

गाडीने उत्तरेला पुढचंच स्थानक, क्रेव्हन आर्म्स. तिथून साधारण मैलभर चालत स्टोकसे किल्ला. नावाला किल्ला, खरं तर तटबंदी केलेला वाडा. लॉरेन्स नावाच्या लडलोच्या लोकर व्यापाऱ्याने १२८१ मध्ये ही जागा घेतली आणि १२९१ मध्ये राजाकडून तटबंदीची परवानगी मिळवली. तीन वर्षांनी, १२९४ मध्ये, लोकर घेऊन निघालेलं त्याचं जहाज बुडालं आणि तोही बुडाला. वाड्याचं दिवाणखान्याचं छत, जिना, खिडक्या अजून जागेवर आहेत. लडलोला राजे-सरदारांचा किल्ला बघितला, इथे सावकाराचं घर बघा. दोन्ही पाहिल्यावर या भागात पैसा कुठून आला ते नीट लक्षात येतं.

निघताना

शनिवारी बाजार तीनच्या सुमारास आवरायला लागतो, तेव्हा घरी न्यायचा ब्रेड, चीज, मधाची बाटली दोनच्या आत घ्या. चीज कागदात गुंडाळून मागा, प्लास्टिकमध्ये घामेजतं. बॅगा बी अँड बीमध्ये दुपारपर्यंत ठेवू देतात, सकाळी विचारून ठेवा. स्थानकाकडे आता उतार आहे, दहा मिनिटं पुरतात. श्रूजबरीकडे जाणारी गाडी असेल तर डावीकडची खिडकी पकडा. अर्ध्या वाटेवर, चर्च स्ट्रेटनच्या आसपास, लाँग मिंडचा लांबच लांब डोंगर त्या बाजूने येतो आणि बराच वेळ सोबत राहतो.